पाइप लपवायला बाथरूमची फरशी उचलावी का, आणि उचलायची तर किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाथरूम वरच्या मजल्यावर, २.४ मीटर लांब आणि १.५ मीटर रुंद. स्लॅब सपाट आहे, बाथरूमपुरता खाली सोडलेला नाही. डक्ट, म्हणजे इमारतीचे उभे पाइप जातात ती पोकळी, एका आखूड भिंतीमागे आहे. कमोड तिथून समोरच्या आखूड भिंतीला न्यायचा आहे आणि शॉवरची जागाही बदलायची आहे. खाली दुसरे कुटुंब राहते, म्हणून त्यांच्या छताखालून पाइप टाकता येत नाहीत. गवंड्याने सुचवले आहे की फरशी नऊ इंच उचलू, पोकळीत तोडफोडीचाच माल भरू, सगळे पाइप आत जातील. हे योग्य आहे का, नऊ इंच पुरतील का, आणि पुढे गळेल का?

फरशी उचलणे हा चालणारा उपाय आहे. पण नऊ इंच हा आकडा आला कुठून, हे आधी गवंड्याला विचारा. असा आकडा अंदाजाने ठरत नाही. तो डक्टमधल्या उभ्या पाइपापासून उलट मोजत यावा लागतो. आणि मोजायला बसण्याआधी फरशीखाली जाणाऱ्या पाइपांची संख्या कमी करावी लागते, कारण फरशीची उंची सगळ्यांत अवघड पाइप ठरवतो. तो एक पाइप फरशीखालून काढता आला तर बाकीच्यांना फार कमी जागा लागते. तोडफोडीचा माल भरण्याची सूचना मात्र आजच नाकारा. त्याचे कारण पुढे सविस्तर येईल.

आधी नळाचे पाइप. दाबाखालचे पाणी नेणारे पाइप, थंड असोत की गरम, फरशीखाली घालूच नका. त्यांना उतार लागत नाही, त्यामुळे ते भिंतीतून किंवा फॉल्स सीलिंगच्या वरून आणून नळाच्या जागी खाली उतरवता येतात. सांडपाण्याच्या पाइपाचा सांधा कच्चा राहिला तर तो वापर असेल तेवढाच वेळ पाझरतो, दाबाच्या पाइपाचा सांधा दिवसरात्र पाझरत राहतो. भरावाखाली तो नेमका कुठे आहे हे शोधायला पुन्हा सगळी फरशी फोडावी लागते. भिंतीतली गळती निदान आपल्या आसपासच ओल दाखवते.

बेसिनचा प्रश्नही सोपा आहे. त्याचे सांडपाणी फरशीपासून ५०० ते ५५० मिलिमीटर उंचीवर भिंतीत घेता येते आणि तिथून भिंतीच्या कडेने उतारात नेता येते. कपडे धुण्याच्या यंत्राचे तसेच. यासाठी फरशी उचलायची गरज नाही.

आता कमोड. तुमचा सगळा हिशोब इथे फिरतो. जमिनीवर बसणाऱ्या कमोडचे मुख्य दोन प्रकार असतात, ट्रॅपच्या, म्हणजे वास अडवायला पाणी साठून राहणाऱ्या वाकड्या भागाच्या, आकारावरून. एस-ट्रॅपच्या कमोडचे तोंड खाली फरशीत जाते, पी-ट्रॅपच्या कमोडचे मागे भिंतीकडे. पी-ट्रॅपच्या तोंडाचा मध्य तयार फरशीपासून साधारण १८० ते १८५ मिमी वर असतो, भिंतीवर टांगलेल्या कमोडचा २२० ते २३० मिमीच्या आसपास. म्हणजे या दोन्ही प्रकारांत ११० मिमीचा पाइप फरशीच्या वरूनच निघतो. तो भिंतीलगत कडेकडेने डक्टपर्यंत नेऊन त्यासमोर १५० ते २०० मिमी जाडीची बुटकी भिंत बांधली की पाइप दिसत नाही, आणि भिंतीच्या माथ्यावर सामान ठेवायला फळीसारखी जागा मिळते.

तुमच्या मापांवर हे बसते का, ते पाहू. समोरच्या भिंतीपासून डक्टपर्यंत २.४ मीटर, अधिक कमोडपासून कोपऱ्यापर्यंतचे ०.८ मीटर, एकूण ३.२ मीटर. ११० मिमीच्या पाइपाला १:१०० उतार अनेक नियमांत चालतो, पण मी कमोडसाठी १:६० च्या आसपास धरतो. ३.२ मीटरला १:६० ने सुमारे ५३ मिमी उतार लागतो. कमोडपाशी मध्य १८० वर असेल तर डक्टपाशी तो १२७ वर येईल आणि पाइपाचा तळ फरशीपासून ७० मिमीच्या वर राहील. म्हणजे कमोड समोरच्या भिंतीला जाऊनही त्याचा पाइप फरशीला शिवतसुद्धा नाही. अट एकच, ज्या लांब भिंतीच्या कडेने पाइप जाणार त्या भिंतीत दार नको. कोपऱ्यात ९० अंशांचा एक बेंड टाकण्यापेक्षा ४५ अंशांचे दोन टाका. तिथेच साफसफाईसाठी उघडता येणारा टी आकाराचा जोड द्या आणि बुटक्या भिंतीत त्याच्यासमोर निघणारे झाकण ठेवा. पाइप तुंबला तर तिथून तार घालता येते.

उकिडवे बसायचे भांडे हवे असेल तर मात्र हा मार्ग बंद होतो. भांडे आणि त्याखालचा ट्रॅप मिळून बहुधा ४०० मिमीच्या पुढे खोली लागते. सपाट स्लॅबवर ते ठेवायचे तर दोन-तीन पायऱ्यांचा ओटा होतो. ते भांडे आज आहे तिथून हलवू नका, असेच मी सांगेन.

कमोड बाजूला काढल्यावर फरशीखाली जायला शॉवरचे आणि फरशीवरचे पाणी उरते. आता उंची मोजू. मोजणी स्लॅबच्या माथ्यापासून वर करायची आणि सुरुवात डक्टच्या भोकापासून करायची. डक्टमधल्या उभ्या पाइपावर जोड कोणत्या पातळीला बसू शकतो, हे पहिले पाहा. तिथे बीम आडवा येत असेल, जुना जोड वर असेल किंवा जोडाच्या खालच्या सॉकेटला जागा पुरत नसेल, तर सगळी फरशी तेवढ्याने आणखी वर जाईल. भोक पाडताना बीम किंवा कॉलमला हात लावायचा नाही. स्लॅबमध्ये ताण दिलेल्या केबल असतील, तर इंजिनिअरने जागा आखून दिल्याशिवाय ड्रिलसुद्धा चालवायचे नाही.

स्लॅबवर पहिले वॉटरप्रूफिंग आणि त्याला झाकणारे प्लॅस्टर, मिळून २५ मिमी धरा. शॉवरचा ट्रॅप उभ्या पाइपापासून २.२ मीटरवर असेल आणि ५० किंवा ७५ मिमीच्या पाइपाला १:५० उतार दिला, तर ४४ मिमी लागतात. बुटका ट्रॅप घेतला तर पाइपाच्या तळापासून जाळीच्या माथ्यापर्यंत साधारण १०० मिमी. फरशीला जाळीकडे १:८० उतार द्यायचा, म्हणून दारापाशी आणखी २० मिमी. बेरीज येते १८९, म्हणजे साडेसात इंच. शॉवर उभ्या पाइपापासून ०.९ मीटरवर आणला तर उताराचे ४४ चे १८ होतात आणि बेरीज १६३ वर, साडेसहा इंचांवर येते. हाच हिशोब एस-ट्रॅपच्या कमोडचा करून बघा: २५ वॉटरप्रूफिंगचे, २.४ मीटरला १:६० ने ४० उताराचे, बेंडच्या तळापासून कमोडच्या बुडापर्यंत १८० च्या आसपास, आणि वर फरशीच्या उताराचे २०. झाले २६५, साडेदहा इंच. म्हणजे गवंड्याचे नऊ इंच एस-ट्रॅपला कमी पडतात आणि पी-ट्रॅप घेतला तर जास्त होतात. असा आकडा घेऊन काम सुरू केले की पाइप बसवताना उतार चोरला जातो. पाइप झाकला जातो, पण मळ पुढे सरकत नाही आणि काही महिन्यांनी तुंबायला लागते.

बुटका ट्रॅप घेताना एक गोष्ट तपासा. ट्रॅपमध्ये साठून राहणारे पाणी, ज्याने डक्टमधला वास आणि किडे अडतात, ते किमान ५० मिमी खोल असले पाहिजे. काही बुटक्या ट्रॅपमध्ये उंची वाचवण्यासाठी हे पाणी २० ते २५ मिमीवर आणलेले असते किंवा त्याऐवजी रबरी पडदी असते. उथळ पाणी बाथरूम बंद राहिले की लवकर आटू शकते, आणि रबरी पडदीत केस अडकले की ती मिटत नाही. शिवाय ट्रॅपचा आतला भाग वरून जाळी काढून साफ करता येतो का, तेही पाहा. भरावात गाडलेला ट्रॅप पुन्हा हातात येत नाही.

शॉवरचा पाइप कुठे जोडायचा यावर मी आग्रही आहे. प्लंबर तो जवळ पडतो म्हणून कमोडच्या आडव्या पाइपाला जोडू पाहील. ते टाळा. कमोडच्या वाटेत पुढे काही अडकले, तर मागे चढणारे घाण पाणी बाथरूममधल्या सगळ्यांत खालच्या तोंडातून बाहेर येते, आणि ते तोंड म्हणजे शॉवरची जाळी. शॉवर वेगळा नेऊन थेट उभ्या पाइपाला जोडा. मैला आणि सांडपाणी यांचे उभे पाइप वेगवेगळे असतील, तर शॉवर सांडपाण्याच्या पाइपालाच गेला पाहिजे. एकच पाइप असेल, तर शॉवरचा जोड कमोडच्या जोडाच्या अगदी समोर आणि किंचित खाली येऊ देऊ नका. कमोडचे पाणी जोरात पडते ते थेट समोरच्या तोंडात घुसते. काटकोनातल्या बाजूने जोड घेतला की हा त्रास राहत नाही. ट्रॅपपासून हवेच्या पाइपापर्यंत (सांडपाण्याच्या पाइपात हवा येऊ देणारा, वर उघडा उभा पाइप) एकूण उतार पाइपाच्या व्यासापेक्षा जास्त होऊ नये, हेही लक्षात असू द्या. तसा झाला तर वाहते पाणी ट्रॅपमधले पाणी ओढून नेते आणि वास सुरू होतो. तुमच्या ४४ मिमीला ५० मिमीचा पाइप कसाबसा बसतो, ७५ मिमीचा आरामात.

वजनाकडे वळतो, कारण तोडफोडीच्या मालाला माझा पहिला विरोध वजनामुळे आहे. ३.६ चौरस मीटर क्षेत्र आणि २२५ मिमी उंची म्हणजे ०.८१ घनमीटर भराव. वीट-सिमेंटच्या तुकड्यांचा भराव घनमीटरला १८०० किलो धरला, तर हे साडेचौदाशे किलो होतात, चौरस मीटरला ४०० किलो. घराचा स्लॅब माणसे आणि सामान यांच्यासाठी साधारण चौरस मीटरला २०० किलो धरून आखलेला असतो. म्हणजे अजून कोणी आत पाऊल ठेवलेले नाही आणि त्याच्या दुप्पट ओझे कायमचे चढले. ओला झाला की भराव आणखी जड होतो. जुनी फरशी आणि कोबा स्लॅबपर्यंत उखडून काढला तर ७५ मिमीच्या थरामागे चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास उतरतात, म्हणून जुन्या फरशीवरच भर घालण्याचा शॉर्टकट घेऊ नका. काढल्यावर स्लॅबचा माथा नीट बघता येतो. कुठे सळई उघडी पडलेली, गंजलेली दिसली तर पुढचे काम तिथेच थांबवून इंजिनिअरला बोलवा. इमारत जुनी असेल किंवा उचलायची उंची १५० मिमीच्या वर जात असेल, तर स्लॅब सुस्थितीत दिसला तरी मी इंजिनिअरच्या होकाराशिवाय काम घेत नाही.

दुसरा विरोध मालाच्या स्वभावामुळे. तोडफोडीच्या मालात चुना, जिप्समचे तुकडे, लाकडाच्या चिपा, माती असे सगळे असते. त्याच्यात पोकळ्या राहतात, तो हळूहळू बसतो, आणि तो बसला की वरचा सांधा उघडतो आणि पाइप अधांतरी लटकतो. त्यात एकदा पाणी शिरले की तो स्पंजासारखे धरून ठेवतो. मग खालच्या छताला महिनोन्महिने ओल येते आणि तुम्ही नळ बंद ठेवला तरी ती थांबत नाही. अशा वेळी गळती पाइपाची की फरशीची, हे कोणालाच नक्की सांगता येत नाही.

मग भरायचे काय? माझी पहिली पसंती घट्ट पॉलिस्टायरीनच्या पाट्यांना आहे. एक्सपीएस (दाबून घट्ट केलेला, पाणी न पिणारा पॉलिस्टायरीन) असेल तर उत्तम, नाहीतर घनमीटरला ३० किलो किंवा त्याहून जास्त घनतेचा थर्मोकोल. पाइपाभोवती नीट कापून बसवायचा आणि वर जाळी घातलेला ५० ते ६० मिमीचा काँक्रीटचा थर. वजन जवळजवळ वरच्या थराचेच राहते. एक काळजी घ्या. पाइप चिकटवायचे सॉल्व्हंट सिमेंट थर्मोकोलला विरघळवते, म्हणून सांधे पूर्ण वाळल्यावरच पाट्या आणा. दुसरा पर्याय फेस मिसळलेले हलके काँक्रीट. ते ओतले की पाइपाखालच्या बोळकांडीतही पोचते, फक्त ओतताना रिकामे पाइप वर तरंगू नयेत म्हणून त्यांना क्लिपने स्लॅबला धरून ठेवावे लागते आणि आत पाणी भरून ठेवावे लागते. हलक्या एएसी ब्लॉकचे तुकडे घनमीटरला ५५० ते ६५० किलोचे असतात. वजनाला ते चालतात, पण पाणी पितात, तेव्हा ते वापरलेच तर वरचे वॉटरप्रूफिंग निर्दोष हवे. विटांच्या आडव्या भिंती उभारून वर दगडी लाद्या टाकायची पोकळ पद्धतही आहे. ती हलकी आहे, मात्र पोकळीत साचलेले पाणी आणि झुरळे दोन्ही नजरेआड राहतात, म्हणून मी ती सुचवत नाही.

भराव कोणताही असो, पाइप भरावावर टेकवायचा नाही. प्रत्येक मीटरच्या आत स्लॅबवर पक्का आधार द्यायचा आणि उतार त्या आधारांवरच पाणपातळीने तपासायचा. भराव हा नुसता भराव, पाइपाचा भार घेणारा नव्हे. पाइप जिथे काँक्रीटच्या थरातून वर येतो तिथे त्याला फोमची पट्टी गुंडाळा. पीव्हीसी गरम पाण्याने मीटरला दर अंशाला ०.०६ ते ०.०८ मिमी वाढतो, आणि गच्च धरून ठेवलेला पाइप ती वाढ सांध्यावर काढतो.

गळतीबद्दल विचारले आहे, त्यावर जरा थांबतो, कारण उचललेल्या फरशीचे यशापयश मी यावरच मोजतो. टाइल आणि ग्राउट (टाइलमधल्या फटींत भरलेला लेप) पाणी अडवत नाहीत, फक्त कमी करतात. म्हणजे टाइलखाली थोडे पाणी जाणार हे गृहीत धरून दोन ठिकाणी ते अडवायचे. एक अडथळा मूळ स्लॅबवर, दुसरा भरावाच्या वरच्या काँक्रीटवर, टाइलच्या लगेच खाली. वरचा अडथळा रोजचे काम करतो. खालचा पाइपच फुटला किंवा वरचा फाटला तर खालच्या कुटुंबाचे छत वाचवतो. दोन्ही थर भिंतीवर वळवून घ्यायचे. खालचा थर नव्या तयार फरशीच्या वर किमान १५० मिमी, जमल्यास ३०० मिमी चढवायचा, शॉवरपाशी वरचा थर माणसाच्या उंचीएवढा. स्लॅब आणि भिंत जिथे भेटतात तिथे आधी गोलसर वाटा मारायचा, कारण काटकोनात वळलेले लेपन तिथेच तडकते.

आता पाणी खालच्या अडथळ्यापर्यंत पोचलेच, तर त्याला बाहेर पडायला वाट हवी. नाहीतर तुम्ही बंद हौद बांधलात. स्लॅबला डक्टकडे हलका उतार द्या आणि सगळ्यांत खालच्या जागी २० किंवा २५ मिमीचा एक छोटा पाइप भिंतीतून डक्टमध्ये उघडा सोडा, तोंडाला बारीक जाळी. तो मुख्य पाइपाला जोडायचा नाही. त्यातून थेंब पडायला लागले की आत काहीतरी बिघडले हे खालच्या छतावर डाग येण्याच्या कितीतरी आधी कळते. बहुतेक कामांत हा पाइप विसरला जातो, आणि मी तपासायला गेलो की आधी तोच शोधतो.

उचललेल्या फरशीत एक कमजोर जागा असते जी खोलगट स्लॅबमध्ये नसते, ती म्हणजे दार. खोलगट बाथरूममध्ये पाणी बाहेरच्या खोलीपेक्षा खाली राहते. इथे ते वर असते. जाळी तुंबली की पाणी सरळ बाहेरच्या खोलीत ओघळणार. म्हणून दाराच्या रेषेत स्लॅबला पक्का सांधलेला काँक्रीटचा कट्टा घ्या, वॉटरप्रूफिंग त्याच्या माथ्यावरून वळवा आणि उंबरा तयार फरशीपेक्षा १५ ते २० मिमी वर ठेवा. फरशीचा उतार दारापासून दूर जायला हवा. दाराची चौकट लाकडी असेल, तर तिचे पाय भरावात गाडू नका. शेजारच्या खोलीच्या बाजूने भिंतीकडेही पाहा: भराव त्या खोलीच्या फरशीपेक्षा वर, भिंतीला टेकून बसणार. ओल आली तर ती तिथे स्कर्टिंगच्या वर दिसेल. ती भिंत जिप्सम बोर्डची असेल, तर ओला भराव तिला लावायचाच नाही.

मूळ फरशी लाकडी वाशांवर असेल, तर वरचा भरावाचा विचारच सोडा. तिथे वाशांवर आणखी लाकडी सांगाडा, त्यावर सिमेंट बोर्ड आणि त्यावर वॉटरप्रूफिंग, असा हलका मार्ग घ्यायचा. पाइप शक्यतो वाशांना समांतर न्यायचे. वाशाला खाच पाडायची वेळ आलीच, तर इंजिनिअरकडून मर्यादा विचारून घ्या.

पायरी हा भाग लोक शेवटी ठरवतात, तो पहिल्यांदा ठरवायला हवा. १६० मिमीची एक पायरी चढायला सोपी आहे, १९० मिमीची ओल्या पायांनी उतरायला नाही. १७५ च्या वर गेलात तर दोन सारख्या पायऱ्या करा. त्यासाठी जागा नसेल तर शॉवर डक्टजवळ आणून उंची कमी करा, तुमच्या बाबतीत हेच करावे असे माझे मत आहे. दार बाहेर उघडणारे आणि पायरी दारातच, ही जोडी सगळ्यांत वाईट. आतला माणूस दार ढकलतो आणि त्याच क्षणी त्याचा पाय खाली जातो. सरकते दार बसत असेल तर ते लावा. पायरीची कड वेगळ्या रंगाची ठेवा, तिथे दिवा आणि हाताला धरायला दांडी द्या. घरात चाकाची खुर्ची असेल किंवा कोणाला गुडघ्याचा त्रास असेल, तर फरशी उचलू नका. कमोड आणि शॉवर दोन्ही डक्टच्या भिंतीजवळ ठेवून आखणी करा. अगदीच अडले तर मैला दळून वर ढकलणारा पंप असतो. त्याला ३२ मिमीसारखा बारीक पाइप पुरतो आणि तो वरच्या दिशेनेही जातो. पण त्याला वीज लागते, आवाज असतो, आणि तो कधीतरी उघडावाच लागतो. म्हणून तो भिंतीत कायमचा बंद करून चालत नाही.

शॉवर काचेने बंद केलेला असेल आणि बाकीची फरशी कोरडी राहणार असेल, तर सगळे बाथरूम उचलण्याऐवजी फक्त शॉवरचा ओटा १६० मिमी उचला. कमोडचा पाइप तसाही बुटक्या भिंतीत आहे. मधोमध पायरी येते खरी, पण वजन निम्म्याहून कमी होते आणि दार जसेच्या तसे राहते. रोज सगळी फरशी धुवायची सवय असेल तर हा पर्याय सोडा, खालच्या भागाला वेगळी जाळी लागेल आणि तिला पुन्हा तोच उंचीचा प्रश्न येईल.

उंची ठरली की बाकीची सगळी मापे नव्या फरशीपासून पुन्हा आखा. नळ, शॉवर, बेसिन, कमोडची टाकी, स्विच, सगळे तेवढ्याने वर जाईल. छत तेवढ्याने खाली येईल. बाथरूममध्ये २.१ मीटरपेक्षा कमी उंची राहू देऊ नका आणि शॉवरखाली त्याहून थोडी जास्त ठेवा. खिडकीचा कठडाही नव्या फरशीपासून बुटका होतो. घरात लहान मूल असेल आणि खिडकी मोठी असेल, तर तिला गज लावूनच काम संपवा.

कामाचा क्रम बदलू देऊ नका. स्लॅब साफ, दुरुस्ती, वाटा, पहिले वॉटरप्रूफिंग. डक्टकडचा छोटा पाइप बुचाने बंद करून पाणी भरून ४८ तास ठेवा, खालच्यांना छत दाखवायला सांगा. मग सांडपाण्याचे पाइप. सांधे २४ तास वाळू द्या, तोंडे बंद करून वरच्या काठापर्यंत पाणी भरा आणि पातळी उतरते का ते पाहा, किमान १५ मिनिटे, माझ्या कामात रात्रभर. नळाच्या पाइपांना भिंत बंद करण्याआधी वापराच्या दीडपट दाबाची चाचणी. त्यानंतरच भराव, वरचा थर, दुसरे वॉटरप्रूफिंग आणि पुन्हा २४ तास पाणी. टाइल सगळ्यांत शेवटी. गवंडी दुसरी चाचणी वाचवू पाहील, कारण तिने एक दिवस जातो. तो दिवस द्या.

भराव टाकण्याआधी प्रत्येक पाइपाचा, प्रत्येक सांध्याचा, भिंतीला टेप लावून फोटो काढा आणि एका साध्या आराखड्यावर अंतरे लिहा. इमारतीची किंवा सोसायटीची परवानगी लागत असेल तर हाच आराखडा त्यासोबत जोडा. पहिले तीन महिने आठवड्यातून एकदा डक्टमधला छोटा पाइप पाहा. सुरुवातीला काँक्रीटमधला ओलावा म्हणून चार-दोन थेंब येतील, ते थांबतील. नंतरही थेंब येत राहिले, तर शॉवर दोन दिवस बंद ठेवा आणि पुन्हा पाहा. थांबले तर दोष जाळीच्या कडेला किंवा टाइलखालच्या थरात आहे, आणि बहुतेक वेळा जाळीभोवतीचा सांधा नव्याने भरून भागते.